छोट्या विमानासाठी गोल हँगर बांधावा का? आधी दाराचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वतःचं चार आसनी, एका इंजिनाचं विमान आहे, धावपट्टीच्या कडेला जागा आहे आणि नेहमीच्या पत्र्याच्या चौकोनी शेडऐवजी गोल किंवा घुमटाकार हँगर बांधायची इच्छा आहे. घुमट वाऱ्याला टिकतो, त्याला सामान कमी लागतं, आत खांब नसतात आणि दिसतोही छान, असं वाचनात आलं आहे. हे कितपत खरं, आणि बांधायचाच तर कोणता आकार घ्यावा?

छोट्या हँगरांच्या स्ट्रक्चरल डिझाइनचं काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. माझं मत आधीच सांगून टाकतो. एकाच विमानासाठी पूर्ण घुमट सहसा परवडत नाही. चार ते सहा विमानं एकत्र ठेवायची असतील तर गोल इमारतीचा गांभीर्याने विचार करावा. आणि एकाच विमानासाठी वळणदार छत हवंच असेल तर घुमट सोडून कमान घ्या, म्हणजे आडव्या अर्ध्या पिंपासारखा आकार. या तिन्ही मतांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दार.

घुमटाची जाहिरात करणारे तळाचा व्यास सांगतात, उंची सांगतात, वाऱ्याचा वेग सांगतात. दार चित्रात एका बाजूला नाजूकपणे दाखवलेलं असतं. घराला ते चालतं, कारण माणूस जेमतेम मीटरभर रुंदीच्या दारातून आत जातो. विमान मात्र त्याच्या सगळ्यात रुंद बाजूने आत जातं, आणि त्याला तिरकं करून आत घेण्याची सोय नाही.

आकडे घेऊनच बोलू. सेसना १७२ हे सगळ्यांच्या ओळखीचं विमान उदाहरणाला धरतो. पंखांचा विस्तार ११ मीटर, लांबी सुमारे ८.३ मीटर, शेपटीची उंची २.७ मीटर. सिरस एसआर२२ चा विस्तार थोडा जास्त, ११.७ मीटर आहे, लांबी थोडी कमी. म्हणजे या वर्गातली बहुतेक विमानं लांबीपेक्षा रुंदीला जास्त आहेत. वरून पाहिलं तर आकार इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. या टी भोवती बसणारं लहानात लहान वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास साडेअकरा मीटरच्या आसपास येतो. चारी बाजूंनी पाऊण मीटर मोकळी जागा सोडली की १३ मीटर. तळाचं क्षेत्रफळ झालं १३३ चौरस मीटर. हेच विमान तेवढीच मोकळी जागा सोडून आयतात ठेवलं तर साडेबारा बाय पावणेदहा, म्हणजे १२२ चौरस मीटर पुरतात. आणि टी-हँगरच्या ओळीत, जिथे शेजारशेजारची विमानं उलटसुलट तोंडाने ठेवून एकमेकांच्या खाचेत बसवतात, तिथे एका विमानाला ८५ चौरस मीटरच्या आसपास जागा लागते. तळाच्या जागेत गोल आकार काही वाचवत नाही, उलट खातोच.

आता दार. ११ मीटर पंखांसाठी निदान १२ मीटरचं पूर्ण मोकळं उघडणारं तोंड हवं. दोन्ही टोकांना अर्धा मीटर ही चैन नाही. हाताने ढकलताना, ओल्या फरशीवर, टो-बार, म्हणजे नाकाच्या चाकाला अडकवून विमान हलवायचा दांडा, थोडा तिरका गेला की तेवढं अंतर बघता बघता संपतं. १३ मीटर व्यासाच्या वर्तुळात १२ मीटरची जीवा काढा. ती केंद्रापासून फक्त अडीच मीटरवर येते. या जीवेने वर्तुळाचा १३५ अंशांचा भाग कापला जातो, म्हणजे परिघाचा तब्बल ३७ टक्के भाग हे दारच आहे. आणि दार जर सरळ, सपाट बसवलं तर जीवेच्या पुढचा चार मीटर खोलीचा तुकडा गमावला. १३ मीटरची इमारत बांधून आत खोली उरली नऊ मीटर. त्यातही पंख मधोमध, सगळ्यात रुंद जागी ठेवले तर विमानाचं नाक दाराच्या रेषेबाहेर डोकावतं. म्हणजे वर्तुळ अजून मोठं करा. ते मोठं केलं की खर्च वाढला आणि मूळचा हिशेब गेला.

हे झालं नकाशावर. उभ्या छेदात याहून मोठी गंमत आहे, आणि ती अनेकांच्या लक्षात पाया खणून झाल्यावर येते. घुमटाची भिंत जमिनीपासूनच आत झुकायला लागते. त्यामुळे तळाचा व्यास १३ मीटर असला तरी पंखांच्या उंचीवर तो १३ राहत नाही. सेसना १७२ चे पंख वरच्या बाजूला, टोकं साधारण सव्वादोन-अडीच मीटर उंचीवर. पूर्ण अर्धगोल घेतला, म्हणजे साडेसहा मीटर उंच, तर २.३ मीटर उंचीवर आतली रुंदी १२.१५ मीटर मिळते. ठीक आहे. पण साडेसहा मीटर उंची कुणालाच नको असते. माणसं म्हणतात, 'विमान पावणेतीन मीटर उंच, मग घुमट चार मीटरचा पुरे.' तळ १३ मीटर आणि उंची चार मीटर असा बसका घुमट घेतला तर २.३ मीटर उंचीवर रुंदी उरते ९.३५ मीटर. विमान आत जाणारच नाही. पायपर चेरोकीसारख्या खाली पंख असलेल्या विमानाचं टोक सव्वा मीटरच्या आसपास धरा; तिथे हाच बसका घुमट साडेअकरा मीटर रुंदी देतो. म्हणजे त्याच इमारतीत एक विमान बसतं आणि तेवढ्याच विस्ताराचं दुसरं बसत नाही. पुढे कधी विमान बदलायचा विचार असेल तर हे आताच ध्यानात घ्या.

आणि अर्धगोलातही दाराची पंचाईत सुटत नाही. केंद्रापासून अडीच मीटरवर उभा काप घेतला की दाराचं तोंड सहा मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ होतं. तळाशी १२ मीटर. पण २.३ मीटर उंचीवर ११.०८. पंख ११ मीटरचे! दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर. कागदावर 'बसतं' असं उत्तर येतं, प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात टोकावरचा नॅव्हिगेशन दिवा फुटतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, घुमट जमिनीवर टेकवायचा नाही. आधी सरळ उभी गोल भिंत, दाराच्या उंचीइतकी, म्हणजे ३.२ ते ३.५ मीटर, आणि तिच्यावर बसका घुमट. मग पंखांच्या उंचीवर पूर्ण व्यास मिळतो आणि दारही आयताकृती राहतं. दुसरा उपाय जिओडेसिक, म्हणजे सरळ दांड्यांचे त्रिकोण जोडून केलेल्या, घुमटवाल्यांकडे असतो: अर्ध्याहून जास्त गोल घ्यायचा. पाच-अष्टमांश गोल घेतला तर सगळ्यात फुगीर भाग जमिनीपासून दीड मीटर वर येतो आणि पंखांच्या उंचीवर जवळपास पूर्ण १३ मीटर मिळतात. भूमितीत हे फार सुंदर आहे. पण उंची जाते आठ मीटरवर, आणि जमिनीलगत भिंत बाहेरून आत झुकत खाली येते, त्यामुळे तिथे पावसाचं पाणी, बर्फ, उंदीर यांचा बंदोबस्त ही एक वेगळीच कटकट होते. शिवाय जिओडेसिक घुमटाला शेकडो सांधे, आणि गळती सांध्यातूनच सुरू होते. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना या रचनेचं पेटंट १९५४ साली मिळालं; सांधे गळण्याची तक्रारही जवळजवळ तेवढीच जुनी आहे.

आता ताकदीकडे वळू, कारण 'घुमट सगळ्यात मजबूत' हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. ते खरं आहे, पण घुमट अखंड असेल तोवर. घुमटात भार दोन दिशांनी वाहतो: माथ्यापासून पायाकडे उभ्या रेषांतून, आणि आडव्या कड्यांमधून. स्वतःच्या वजनाखाली माथ्याजवळची कडी दाबली जातात, खालची कडी ताणली जातात. अर्धगोलात हा बदल माथ्यापासून सुमारे ५२ अंशांवर होतो. म्हणजे तळाजवळचा पट्टा बाहेर पसरायला बघत असतो आणि कड्यातला ताण त्याला धरून ठेवतो. आपण दार नेमकं तिथेच कापतो, आणि तेही कड्याचा ३७ टक्के भाग. तुटलेलं कडं ताण घेऊ शकत नाही. तो ताण मग दाराभोवतीच्या चौकटीने आणि दोन्ही बाजूंच्या पायाने घ्यायचा. कुंभार मडक्याचा काठ जाड करतो तो यासाठीच: जिथे भिंत संपते तिथे तिला काहीतरी धरून ठेवणारं लागतं. काँक्रीटच्या घुमटात दाराभोवतीची जाडी आणि सळया पाहिल्या तर उरलेल्या कवचाच्या मानाने त्या अवाढव्य वाटतात. ते उधळेपण नाही, तुटलेल्या कड्याची ती भरपाई आहे.

उभ्या भिंतीवर घुमट ठेवला तर भिंतीच्या माथ्यावर अखंड रिंग बीम, म्हणजे गोल फिरणारी तुळई, जातो आणि दार त्याच्या खाली येतं. कडं तुटत नाही. मला हीच रचना पटते. पण तिच्यात एक खाच आहे. दारावरून जाणारा बीम सरळ नाही, वर्तुळाच्या वळणाने जातो. १३ मीटरच्या वर्तुळात दोन बाजूंच्या खांबांना जोडणाऱ्या सरळ रेषेपासून बीमचा मधला भाग चार मीटर बाहेर असतो. त्यावर भार आला की बीम नुसता वाकत नाही, पिळवटतो. साध्या आय सेक्शनला, म्हणजे इंग्रजी आय अक्षरासारख्या छेदाच्या तुळईला, पीळ अजिबात सहन होत नाही. तिथे बंद बॉक्स सेक्शन किंवा मोठा पाइप लागतो, नाहीतर आरसीसी बीमला पिळासाठी बंद रिंगा नीट मोजून द्याव्या लागतात. कंत्राटदार 'दारावर एक जड आय टाकतो' म्हणाला तर त्याला थांबवा. दोनेक वर्षांत दाराच्या झडपा मधोमध घासायला लागल्या तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वाऱ्याबद्दलही अर्धसत्यच सांगितलं जातं. गोल आकाराला वारा बाजूने कमी ढकलतो हे बरोबर. पण वरून वाहताना तो छताला उचलतो, आणि घुमटाच्या माथ्यावर ही ओढ चांगली जोरदार असते. ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरतो. १३ मीटरच्या तळावर साधारण तेवढीच ओढ धरली तर वर उचलणारं बळ १३ टनांच्या घरात जातं. दार वाऱ्याच्या बाजूला उघडं राहिलं असेल तर आत शिरलेली हवा खालून आणखी ढकलते. आता वजनं बघा. साडेसात सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचा अर्धगोल ४५ ते ५० टन भरतो. तो स्वतःच्या वजनावर बसून राहतो. पत्र्याची कमान काही टनांची. कापडी घुमट त्याहूनही कितीतरी हलका. म्हणून हलक्या घुमटात खरा खर्च वर दिसतो त्यात नाही, जमिनीत पुरलेल्या अँकरमध्ये आहे. कापडी हँगरची किंमत ऐकून खूश होण्याआधी पायाचा हिशेब मागा.

सामान कमी लागतं का? ठरावीक घनफळासाठी गोलाला सगळ्यात कमी पृष्ठभाग लागतो हे गणित खरं, पण आपल्याला घनफळ नकोच आहे, आपल्याला रुंदी हवी आहे. १३ मीटरच्या अर्धगोलाचा पृष्ठभाग २६५ चौरस मीटर. साडेबारा बाय पावणेदहा बाय ३.६ मीटरच्या चौकोनी शेडच्या भिंती आणि छत मिळून २८० च्या आसपास. फरक नगण्य. त्यात पत्रा, प्लायवूड, इन्सुलेशनचे बोर्ड सगळं चौकोनी येतं. गोलावर बसवताना कापाकापीत जी नासाडी होते तिच्यात हा फरक कधीच संपतो. आणि वर तीन मीटरची जी पोकळी आपण विकत घेतो तिच्यात विमान उडवायचं नसतं. थंड प्रदेशात ती गरम करावी लागते, एवढाच तिचा उपयोग.

मग जुन्या लोकांनी गोलाकार हँगर बांधलेच ना? बांधले, आणि दाराचा विचार करूनच बांधले. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आकाराने आपल्या कामाच्या शेकडो पट मोठं आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या ॲक्रन इथे १९२९ साली गुडइयर कंपनीने हवाई जहाजांसाठी (एअरशिप, म्हणजे वायू भरलेली अवाढव्य लांबट फुग्यासारखी जहाजं) जो एअरडॉक बांधला तो ३५८ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच आहे. त्याची दारं संत्र्याच्या सालीसारखी गोल आहेत, प्रत्येकी सुमारे ६०० टनांची. वर एका खिळीवर आणि खाली वळणाच्या रुळांवर ती इमारतीच्या कुशीला सरकतात. सपाट सरकती दारं उघडली की ती इमारतीच्या बाहेर भिंतीसारखी उभी राहतात आणि त्यांच्यावरून वाहणारा वारा दारातच भोवरे करतो; हवाई जहाज नेमकं त्या वेळी अर्धं बाहेर असतं. गोल दारांनी तो धोका कमी केला. कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्ड विमानतळावरच्या हँगर वनलाही अशीच दारं आहेत. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला कार्गोलिफ्टर या हवाई जहाजांच्या कंपनीने बांधलेल्या १०७ मीटर उंच सभागृहातही शेवटचे घुमटाकार भाग असेच वळून उघडायचे. तिथे आता पाण्याची सहलनगरी आहे. या तिन्ही ठिकाणी मधला लांब भाग कमानीचा आहे आणि गोलाई फक्त टोकाला, म्हणजे दाराला आहे. छोट्या हँगरला संत्र्याच्या सालीचं दार करता येतं का? येतं. पण वरची खिळी, वळणाचा रूळ, कडेची पाणीबंद पट्टी, सगळं खास घडवून घ्यावं लागतं, आणि उरलेल्या हँगरला जेवढा खर्च आला तेवढाच दाराला येऊ शकतो.

छोट्या विमानांच्या बाबतीत इतिहासाचा कौल कमानीकडे आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ब्लिस्टर हँगर आले: हलक्या कमानी, वर पत्रा, टोकाला नुसते कॅनव्हासचे पडदे. गवताच्या मैदानावर फारसा पाया न घेता ते उभे राहायचे आणि लढाऊ विमानं त्यांत झाकली जायची. १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाने ऱ्होड आयलंड राज्यातल्या क्वॉन्सेट पॉइंटला बनवायला घेतलेली क्वॉन्सेट हट हे त्याच जातीचं. आजही नागमोडी पत्र्याच्या बोल्टने जोडायच्या कमानी मिळतात त्या याच वंशातल्या. कमानीची गोलाई एकाच दिशेला असते, म्हणून पत्रा वाकवणं सोपं. आणि टोकाची भिंत सपाट असते, म्हणून दार नेहमीचं.

तुमच्यासाठी मी कमानच सुचवेन, पण तीन गोष्टी सांभाळून. पहिली: तळापासून अर्धगोल असलेली कमान घेऊ नका, तिच्यातही पंखांची टोकं अडतात. पहिले दोन-अडीच मीटर सरळ आणि मग वळणारी कमान घ्या. दुसरी: दार कमानीला टांगू नका. पातळ पत्र्याची कमान स्वतःचा भार आणि वारा यांसाठी बनवलेली असते. दुमडून वर जाणारं बायफोल्ड दार किंवा हायड्रॉलिकवर एकसंध वर उचललं जाणारं दार तिच्यावर लोंबकळवलं तर कमान पुढे ओढली जाते. एकसंध दार उघडं असताना छज्जासारखं बाहेर आलेलं असतं आणि त्याच्याखाली वारा भरला की चौकटीला उपटू पाहतं. दारासाठी स्वतंत्र स्टीलची पोर्टल फ्रेम, म्हणजे दोन खांब आणि वर तुळई अशी चौकट, उभी करा, तिचा पाया वेगळा, आणि कमान व फ्रेम यांच्यामध्ये फट झाकायला नुसती पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग. तिसरी गोष्ट घाम. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या बाजूने पाणी सुटतं, ते थेंबथेंब पंखांवर आणि इंजिनाच्या झाकणावर पडतं. गंज लागायला पाऊसच यायला हवा असं नाही. पत्र्याच्या आतून पॉलियुरेथेन फोम फवारला की हे बंद होतं, पण उघडा फोम आग फार झपाट्याने पकडतो. जिथे पेट्रोल भरलेली टाकी उभी करायची तिथे फोमवर अग्निरोधक थर दिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.

काँक्रीटचा एकजीव घुमट हा वेगळा प्राणी आहे. मोनोलिथिक डोम म्हणून जी पद्धत १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये बटाट्याच्या कोठारापासून सुरू झाली तिच्यात गोल पायाला एक मोठा कापडी फुगा बांधून पंख्याने फुगवतात, आतून फोम फवारतात, फोमला सळया अडकवतात आणि त्यावर शॉटक्रीट, म्हणजे नळीतून जोराने फवारलेलं काँक्रीट, मारतात. फोम बाहेर आणि काँक्रीट आत राहतं, त्यामुळे आगीचा प्रश्न बराच सुटतो आणि आतलं तापमानही फारसं हलत नाही. चक्रीवादळाच्या पट्ट्यात, किंवा कडाक्याच्या थंडीत इंजिन रोज गरम करून सुरू करायचं असेल, तर याच्यासारखं काही नाही. दारासाठी फुग्याला शिवतानाच पुढे एक चौकोनी देवडी काढतात आणि तिच्या तोंडाशी सपाट दार बसवतात. देवडी म्हणजे परत सरळ भिंती आल्या, पण कडं सांभाळून तोंड काढायचा तो सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग आहे. एकच मोठी अडचण: हे तोंड नंतर रुंद करता येत नाही. पुढे मोठ्या पंखांचं विमान घेतलं तर पत्र्याच्या शेडचं दार बदलता येतं, इथे कवच फोडावं लागेल आणि त्याला कुठलाही शहाणा इंजिनिअर सही देणार नाही.

आता गोल इमारतीच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजूही खरी आहे. मघाचे आकडे आठवा: १३ मीटरच्या वर्तुळात दार ३७ टक्के परिघ खातं. वर्तुळ २१ मीटरचं झालं की तेच १२ मीटरचं दार १९ टक्क्यांवर येतं, २७ मीटरला १५ टक्क्यांच्याही खाली. दारावरच्या बीमचं सरळ रेषेपासूनचं अंतर चार मीटरवरून दोनच्या आत आणि मग दीडच्या आत येतं. पीळ कमी, कड्याची तूट कमी. वर्तुळ जसं मोठं होतं तशी वरची सगळी दुखणी आपोआप उतरतात. मात्र एवढ्या मोठ्या वर्तुळात एकच विमान ठेवणं म्हणजे वेडेपणा. म्हणून मध्ये फिरतं व्यासपीठ, टर्नटेबल. विमानं शेपट्या केंद्राकडे आणि नाकं बाहेर करून उभी राहतात. टी आकाराचा रुंद भाग बाहेर, जिथे परिघ मोठा, आणि निमुळता भाग आत. वर्तुळाला हा आकार जणू मोजूनच दिलेला आहे. १७२ च्या मापाची चार विमानं २१ मीटरमध्ये बसतात, सहा विमानं २७ मीटरमध्ये. एका विमानामागे ८५ ते ९५ चौरस मीटर. टी-हँगरच्या बरोबरीचा आकडा. शिवाय टी-हँगरच्या ओळीला दोन्ही बाजूंनी टॅक्सीलेन, म्हणजे विमान ये-जा करायची फरसबंद वाट, लागते, इथे एकाच दारासमोर एक एप्रन, म्हणजे विमान उभं करायचं फरसबंद अंगण, पुरतो. जागा चिंचोळी किंवा महाग असेल तर खरी बचत इमारतीपेक्षा या फरसबंदीत आहे. दारही एकच, म्हणजे त्यावर सढळ हाताने खर्च करता येतो: उभ्या गोल भिंतीच्या आतून, भिंतीशी समांतर वळणाच्या रुळावर सरकणाऱ्या तीन-चार झडपा.

टर्नटेबलवाले विक्रेते एक गोष्ट सांगायला विसरतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोलगट जागेत साचते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत हँगरच्या फरशीपासून १८ इंचांपर्यंतचा सगळा भाग धोक्याचा धरतात, आणि फरशीखालचा खड्डा तर त्याहून वरच्या दर्जाचा धोका मानतात. टर्नटेबलची मोटर, गिअर आणि वायरिंग साधारणपणे त्याच खड्ड्यात असतं. म्हणून मोटर खड्ड्याबाहेर, परिघावर उंचीवर घ्या आणि व्यासपीठ कडेने फिरवा. किंवा स्फोटरोधक साहित्य आणि खड्ड्यातून हवा ओढणारी व्यवस्था यांचा खर्च पहिल्याच दिवशी धरा. हवा खेळवायचे झरोके घुमटाच्या माथ्यावर ठेवून भागत नाही. वाफ खाली असते, तिला बाहेर जायला फरशीलगत वाट हवी. हे तुमच्या एका विमानाच्या हँगरलाही लागू आहे.

टर्नटेबल हाताने फिरवायची सोय हवीच. वीज गेली, किंवा गिअर अडकला, तर सहाही मालक एकदम जमिनीवर. भार नेहमी एकसारखा नसतो. तीन विमानं एका बाजूला आणि समोरच्या जागा रिकाम्या, अशी वेळ येतेच, आणि ११०० किलोंचं एक विमान धरलं तर सव्वातीन टन एकाच बाजूला आले. मधल्या बेअरिंगवर तोल सांभाळणारं व्यासपीठ इथे कुरकुरायला लागतं; परिघाखाली चाकं असलेलं निभावून नेतं. फिरवताना कुणाच्या पंखाला काही लागलं तर भरपाई कुणी द्यायची, हे मालकांनी आधी कागदावर लिहून ठेवावं.

उंचीचा एक हिशेब राहिला. धावपट्टीच्या कडेला कुठलीही इमारत तिरप्या काल्पनिक पृष्ठभागाच्या खाली राहावी लागते. मोठ्या धावपट्ट्यांना हा उतार सातास एक असतो, छोट्या, उपकरणांविना उतरायच्या धावपट्ट्यांना आंतरराष्ट्रीय नियमांत पाचास एक. म्हणजे हँगर दोन मीटरने उंच केला की तो दहा ते चौदा मीटर लांब सरकवावा लागू शकतो. तुमचा प्लॉट लहान असेल तर साडेसहा मीटरचा अर्धगोल इथेच बाद होईल.

बारीकसारीक आणखी: घुमटाला वळचण नसते, सगळं पाणी दाराच्या रेषेवरच उतरतं, म्हणून दारावर पुढे आलेला छज्जा आणि पन्हळ हवीच. आत आवाज घुमतो. रिव्हेट मारायचे असतील तर आतून आवाज शोषणारं अस्तर लावा. दाराची उंची तीन मीटरपेक्षा कमी ठेवू नका: नाकाच्या चाकाची हवा गेली किंवा त्याचा स्ट्रट, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, बसला की नाक खाली जातं आणि शेपूट तेवढी वर येते.

काहीही ठरवण्याआधी खर्च न करता एक गोष्ट करता येईल. मोकळ्या एप्रनवर तुमच्या विमानाच्या मापाने हँगरचा तळ फक्कीने आखा, दाराची रेषा जाड काढा. पंखांच्या टोकाच्या उंचीवर आतली रुंदी जिथे येते तिथे दोन्ही बाजूंना बांबू रोवा. मग एरवी जेवढी माणसं मदतीला असतात तेवढ्यांनीच, म्हणजे बहुधा एकट्यानेच, टो-बार धरून विमान मागे ढकलत आत न्या आणि परत बाहेर काढा. बांबूला पंख लागला तर व्यास वाढवा. व्यास वाढवल्यावर आकडा पंधरा मीटरच्या पुढे गेला तर सरळ भिंतींची कमान मागवा.